देखणेपणाला किती गुण?

२ डिसेंबर १९८४च्या मध्यरात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि उजाडेपर्यंत शहरभर प्रेतं पडली. पुढच्या एक-दोन दिवसांत तिथल्या दफनभूमीत एका लहान मुलाला मूठमाती दिली जात होती. तिथे दोन छायाचित्रकार होते. रघु राय ‘इंडिया टुडे’साठी काम करत होते, तर पाब्लो बार्थोलोम्यू ‘गामा’ या फ्रेंच वृत्तछायाचित्र संस्थेसाठी. मातीत अर्धवट बुडालेल्या त्या मुलाच्या चेहऱ्याचा फोटो दोघांनीही काढला. एकाचा कृष्णधवल, दुसऱ्याचा रंगीत. मूल कोणाचं, त्याचं नाव काय, हे अजून नक्की झालेलं नाही.

रायांच्या फोटोत एक हात आहे, मुलाच्या कपाळावर टेकलेला. पुरताना शेवटचं एकदा पाहून घ्यावं म्हणून कुणीतरी चेहऱ्यावरची माती बाजूला सारली आहे. चौकटीत बाकी काही नाही. गर्दी नाही, आकाश नाही, रडणारी माणसं नाहीत. नजर त्या हातावरून डोळ्यांवर जाते आणि डोळ्यांवरून पुन्हा हातावर येते, तिला बाहेर पडायला वाटच ठेवलेली नाही. बार्थोलोम्यूंच्या फोटोत हीच जागा रंगांत आहे. मातीचा तपकिरी रंग आहे आणि डोळ्यांवर आलेला पांढुरका पडदा आहे. वायूने डोळ्यांचं काय केलं, ते त्या पांढुरकेपणातून एका क्षणात कळतं. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या ॲम्स्टरडॅमच्या संस्थेने १९८४चा सर्वोत्कृष्ट वृत्तफोटो म्हणून बार्थोलोम्यूंचा फोटो निवडला. रायांचा फोटो भोपाळच्या न्यायासाठी चाललेल्या लढ्याची ओळख बनला.

आता हे दोन फोटो एखाद्या स्पर्धेत परीक्षकासमोर आले आहेत असं समजा. हातात गुणांचा कागद आहे. त्यावर रचना, प्रकाशयोजना, तांत्रिक सफाई, आशय असे रकाने आहेत. मेलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरच्या प्रकाशयोजनेला दहापैकी किती गुण द्यायचे? लिहिताना हात अडखळतो आणि तो अडखळायलाच हवा. तरीही हा रकाना रिकामा सोडता येत नाही. रायांनी चौकट थोडी सैल ठेवली असती, कडेला चार माणसांचे पाय आले असते, तर त्या हाताचा अर्थ आपल्यापर्यंत इतक्या जोराने पोचला नसता. त्या फोटोची रचना हाच त्याचा आशय आहे. दोन वेगळे रकाने आखून त्यांची बेरीज करणारा कागद इथे अपुरा पडतो.

हा कागद जुन्या भांडणातून आलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्राला ‘कला’ म्हणून मान मिळावा यासाठी युरोप-अमेरिकेतल्या छायाचित्रकारांनी चित्रकलेची वाट धरली. मऊ, धूसर भिंगं, गम बायक्रोमेट आणि ब्रोमॉइलसारख्या हाताने रंग देता येणाऱ्या छपाईच्या पद्धती, धुक्यातली झाडं, खिडकीशी बसलेली स्त्री. या पंथाचं नाव पिक्टोरिअलिझम. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोत ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘ग्रुप एफ/६४’ काढून त्याला उघड विरोध केला. भिंगाचं छिद्र सर्वांत लहान केलं की सगळं कडेपासून कडेपर्यंत लख्ख दिसतं, म्हणून हे नाव. पण याच काळात काही तरुणांना हे दोन्ही गट एकाच माळेचे मणी वाटत होते. जग कोसळत असताना हे लोक दगडांचे फोटो काढत बसले आहेत, असा राग फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी ॲडम्स आणि वेस्टन यांच्याबद्दल व्यक्त केल्याचं सांगतात. सौंदर्य की अर्थ, हा वाद तेव्हापासून या रूपात उभा आहे.

मुंबईचा या कथेशी संबंध फार जुना. ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ १८५४ साली स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या पहिल्या भारतीय सदस्यांपैकी होते. आपल्याकडची ‘सलोन’ची, म्हणजे छायाचित्र-स्पर्धांची परंपरा मात्र पिक्टोरिअलिझमच्या पावलांवर पाऊल टाकून वाढली. १९३७ साली मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ उभी राहिली आणि तिच्यासारख्या संस्थांनी हौशी छायाचित्रकारांच्या कित्येक पिढ्या घडवल्या. प्रिंट कशी काढावी, क्षितिज कुठे ठेवावं, नजर चौकटीत कशी फिरवावी, हे शिकवणारी दुसरी शाळा त्या काळात नव्हती. हे ऋण मान्य करायलाच हवं.

आज सलोन संगणकावर आली आहेत. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर इथला हौशी छायाचित्रकार ‘फियाप’ या आंतरराष्ट्रीय छायाचित्रकला महासंघाच्या मान्यतेच्या स्पर्धांना जगभर फोटो पाठवतो, ‘ॲक्सेप्टन्स’ जमवतो आणि एएफियाप, ईफियाप अशा पदव्या नावापुढे लावतो. परीक्षणाची पद्धत सगळीकडे साधारण एकच. पडद्यावर फोटो येतो, काही सेकंद राहतो, परीक्षक बटण दाबून गुण देतात, पुढचा फोटो येतो. हजारो फोटो पाहायचे असतात, म्हणून घाई समजण्यासारखी आहे. पण त्या काही सेकंदांत काय जिंकू शकतं? तिरपा प्रकाश, धुराचा झोत, एकाच रंगाची उधळण, कडेला ठेवलेला लाल ठिपका. जे लगेच कळतं ते पुढे जातं. जे कळायला माहिती लागते ते मागे राहतं.

गंमत म्हणजे नियमपुस्तकात ही अडचण ओळखलेली आहे. फियाप आणि अमेरिकेची ‘फोटोग्राफिक सोसायटी’ यांच्या नियमांत ‘फोटोजर्नलिझम’ विभागाची एक व्याख्या आहे. तिचा सारांश असा की या विभागात फोटो काय सांगतो याला त्याच्या देखणेपणापेक्षा अधिक महत्त्व द्यावं, आणि मुद्दाम घडवून आणलेले प्रसंग किंवा पैसे देऊन उभी केलेली माणसं चालणार नाहीत. व्याख्या उत्तम आहे. पण फोटो काय सांगतो हे परीक्षकाला कुठून कळणार? अनेकदा फोटोओळ त्याच्यापुढे नसतेच.

जेजुरीचं उदाहरण घ्या. सोमवती अमावस्येला गडावर भंडारा उधळला जातो तेव्हा दगड, माणसं, आभाळ सगळं पिवळं होतं. महाराष्ट्रातल्या छायाचित्रकारांचा हा आवडता दिवस, आणि का नसावा! पण पालखीच्या कऱ्हा नदीकडे जाण्याचा अर्थ काय, तळी कोण उचलतं, कुणाचा नवस फिटतो आहे, खंडोबाला कुठल्या कुठल्या जातीजमाती आपला कुलस्वामी मानतात, यातलं काहीच त्या पिवळ्या ढगात दिसत नाही. दूरदेशीच्या परीक्षकाला ती होळी वाटली तर दोष त्याचा नाही. त्याला जे दिसलं, म्हणजे रंग आणि हालचाल, त्याला त्याने गुण दिले. पुढच्या वर्षी छायाचित्रकारही तेच शोधायला गडावर जातो, कारण गुण त्यालाच मिळतात. कोल्हापूरच्या तालमीत पहिलवानाला ‘जरा माती उधळा’ म्हणून सांगणारा छायाचित्रकार याच साखळीतली पुढची कडी आहे. इथे परीक्षण निकाल तर लावतंच, शिवाय उद्या काय टिपलं जाईल हेही ठरवतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. अर्थ महत्त्वाचा म्हणून सौंदर्याला संशयित ठरवणारी एक परंपरा तयार झाली, आणि तिचा सर्वांत मोठा आरोपी होता छायाचित्रकार सेबास्तियाओ साल्गादो. १९८६ साली ब्राझीलमधल्या सेरा पेलादा इथल्या सोन्याच्या खाणीत त्याने काढलेले फोटो जगभर गाजले. चिखलाने माखलेली हजारो माणसं पोती पाठीवर घेऊन शिड्या चढताहेत, आणि ते दृश्य एखाद्या भव्य भित्तिचित्रासारखं दिसतं. १९९१ साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये समीक्षक इन्ग्रिड सिशी यांनी त्याच्यावर कठोर लेख लिहिला. दुःखाला इतकं देखणं केलं की पाहणारा भारावतो आणि जागचा हलत नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

साल्गादोचा एक फोटो मुंबईकराला आपला वाटेल. १९९५ साली चर्चगेट स्थानकात, उंचावरून, शटर लांब वेळ उघडं ठेवून काढलेला. दोन्ही बाजूंना लोकल उभ्या आहेत आणि मधल्या फलाटावरून माणसांचा लोंढा धुरकट पाण्यासारखा वाहतो आहे. चेहरे पुसले गेले आहेत. फोटो सुंदर आहे, यात वाद नाही. मग सिशींचा आक्षेप इथे लागू पडतो का? गर्दीच्या वेळी चर्चगेटला उतरणाऱ्या माणसाला विचारलं तर तो सांगेल की त्या दहा मिनिटांत खरोखरच चेहरा उरत नाही, ढकललं जाणं तेवढं उरतं. म्हणजे शटरचा वेग हा इथे अनुभवाचा अर्थ सांगतो. सौंदर्य इथे अर्थाच्या कामी आलं आहे. सेरा पेलादाच्या बाबतीतही हेच म्हणता येईल.

साल्गादोवरचा अधिक नेमका आक्षेप लेखिका सुसान सोन्टॅग यांनी घेतला. २००३ सालच्या ‘रिगार्डिंग द पेन ऑफ अदर्स’ या पुस्तकात त्या या फोटोंच्या ओळींकडे लक्ष वेधतात. तिथे माणसांना नावं नाहीत. नामवंताच्या फोटोखाली नाव असतं; मजूर, निर्वासित, उपाशी माणूस मात्र आपल्या अवस्थेचा नमुना म्हणून उभा राहतो. हे निरीक्षण फार महत्त्वाचं आहे, कारण ते भांडण चौकटीच्या आतून उचलून चौकटीच्या खाली आणून ठेवतं.

खाली काय लिहिलेलं असतं, यावर विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंपैकी एकाचं आयुष्य टांगलेलं आहे. मार्च १९३६मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर छायाचित्रकार डॉरोथिया लँग थांबली आणि एका आईचे, तिच्या मुलांसह, काही फोटो काढून निघून गेली. शेवटच्या फोटोत दोन मुलं आईच्या खांद्यांवर तोंड लपवून उभी आहेत, मांडीवर तान्हं आहे, आईचा हात गालाशी आहे. येशूच्या आईची युरोपीय चित्रं पाहिलेल्या कुणालाही ती रचना ओळखीची वाटावी. फोटो छापून आल्यावर तळावर सरकारी धान्य पोचलं, तोवर ते कुटुंब पुढे निघून गेलं होतं. लँगने नाव विचारलंच नव्हतं. तिच्या टिपणात मोटारीचे टायर विकून पोट भरल्याचा उल्लेख होता. कुटुंबाने तो पुढे नाकारला. १९७८ साली त्या बाईंची ओळख जगाला पटली. त्यांचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, त्या चेरोकी वंशाच्या, आणि हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं असं त्यांना वाटत होतं. चार दशकं जगाने ज्या चेहऱ्यात गोऱ्या, गरीब अमेरिकेची आई पाहिली, ती एक मूलनिवासी स्त्री होती. फोटोओळीत एक नाव असतं तर फोटोचा अर्थच वेगळा झाला असता.

याच फोटोच्या उजव्या कोपऱ्यात खांब धरलेला एक अंगठा दिसत होता. रचना बिघडते म्हणून लँगने काही वर्षांनी मूळ निगेटिव्हवर तो पुसून घेतला. लँग ज्या सरकारी प्रकल्पासाठी फोटो काढत होती, त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर त्यामुळे नाराज झाले. आज वर्ल्ड प्रेस फोटोमध्ये हाच बदल केला तर फोटो बाद होईल. २०१० साली तसं घडलंही. युक्रेनी छायाचित्रकार स्तेपान रुडिक याने हाताला पट्टी बांधणाऱ्या लढवय्याचा फोटो पाठवला. मोठ्या फोटोतून छोटासा भाग कापला होता, तो गडद केला होता, त्यावर खडबडीत ग्रेन चढवला होता. या सगळ्याला परीक्षकांची हरकत नव्हती. पण बोटांच्या फटीतून मागच्या माणसाच्या पायाचा एक तुकडा दिसत होता, तो पुसला होता. बक्षीस काढून घेण्यात आलं.

हा निवाडा बरोबरच होता, मात्र त्यात एक मोठं अंतर उघडं पडलं. पायाचा तुकडा पुसणं म्हणजे खोटेपणा, आणि फोटोचा सगळा भाव बदलेल इतका अंधार भरणं म्हणजे शैली, ही रेघ कितीशी पक्की आहे? २०१५ साली तीच संस्था दुसऱ्या टोकाला अडखळली. जोव्हान्नी ट्रोइलो याला बेल्जियममधल्या शार्लरोआ शहरावरच्या मालिकेसाठी पहिलं पारितोषिक मिळालं होतं. फोटो नाट्यमय होते, प्रकाश सिनेमासारखा. नंतर उघडकीला आलं की मालिकेतला एक फोटो शार्लरोआचा नव्हताच. तो ब्रसेल्सच्या मोलेनबेक भागात काढला होता. फोटोत एकही कण बदललेला नव्हता. खोटी होती ती फक्त ओळ. तरीही पारितोषिक रद्द झालं. म्हणजे अर्थ मोजायचा असेल तर फोटोओळ हा फोटोचाच भाग आहे, हे या संस्थेने कृतीने मान्य केलं.

दुसऱ्या टोकाला असे फोटो आहेत ज्यांना देखणेपणाचा रकाना लावणं व्यर्थ आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री ‘मुंबई मिरर’चे सेबॅस्टियन डिसोझा छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या समोरच्या इमारतीतून धावत स्थानकात शिरले. खांबांच्या आडून, उभ्या लोकलच्या डब्यातून, फ्लॅश न वापरता, गोळीबार चालू असताना त्यांनी बंदूक घेऊन चाललेल्या दहशतवादी अजमल कसाबचा फोटो टिपला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे श्रीराम वेर्णेकर हेही त्या रात्री फोटो काढत होते. दोघांनी पुढे न्यायालयात साक्ष दिली, आणि २०१२ सालच्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या धैर्याचा आदराने उल्लेख केला. त्या फोटोचं मोल कडेच्या रेषांत नाही. हा माणूस, या जागी, या वेळी, हातात हे शस्त्र घेऊन होता, एवढं तो सांगतो. तेवढ्यासाठी एक माणूस मरणाच्या तोंडात उभा राहिला.

पण न्यायालयाचा फोटो आणि स्मरणात राहणारा फोटो यांची कामं वेगळी आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. गटारात उतरणारी, कचऱ्याच्या ढिगात कमरेपर्यंत रुतलेली माणसं. त्यातली बहुतेक दलित. या शहराने ज्यांच्याकडे पाहायचं टाळलं त्यांच्याकडे पाहायला लावायचं, तर फोटोवर नजर खिळायला हवी, आणि नजर खिळवायला रचना लागते. ओलवेंच्या कृष्णधवल फोटोंत ती आहे. पण हे फोटो ओळीविना पडद्यावर काही सेकंद दाखवले, तर परीक्षकाला काळ्या पाण्यातून वर येणारी एक आकृती दिसेल, विलक्षण पोत दिसेल. हा पगारी कामगार आहे, त्याला हातमोजेही मिळालेले नाहीत, हे दिसणार नाही. ओलवेंना २०१६ साली पद्मश्री मिळाली. ती केवळ रचनेबद्दल दिली असं कुणी म्हणणार नाही.

सौंदर्य आणि अर्थ यांच्यात सगळ्यांत अवघड निवाडा जपानच्या मिनामाता शहरात झाला, आणि तो परीक्षकांनी केला नाही. चिसो कंपनीने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या अपंग झाली. छायाचित्रकार युजीन स्मिथ आणि त्यांची पत्नी आयलीन तिथे राहिले. जानेवारी १९७२मध्ये कंपनीच्या माणसांनी स्मिथना बेदम मारलं. त्याच्या काही आठवडे आधी, डिसेंबर १९७१मध्ये, त्यांनी एका आईचा फोटो काढला होता. पारंपरिक न्हाणीत आई आपल्या जन्मतःच विषबाधा झालेल्या मुलीला हातांवर तोलून धरते आणि तिच्याकडे पाहते. अंधाऱ्या खोलीत एका बाजूने उजेड येतो. स्मिथ अंधारखोलीत एकेका प्रिंटवर तासन्‌तास घालवत. उजळ जागा ब्लीचने एकेक करून खुलवत. मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीचं शिल्प त्या रचनेत आठवतं. आई फोटोला तयार झाली होती, कारण जगाला हे दिसावं असं तिला वाटत होतं. जून १९७२मध्ये ‘लाइफ’ने तो छापला आणि मिनामाता जगाला कळलं. देखणेपण आणि अर्थ यांचं इतकं एकजीव काम क्वचितच झालं असेल.

मुलगी १९७७ साली वारली. पुढे आई-वडिलांना तिचं ते उघडं शरीर जगभर फिरताना पाहवेना. तिला आता विश्रांती मिळावी, असं त्यांना वाटू लागलं. १९९८ साली आयलीन स्मिथ यांनी फोटोच्या वापराबाबतचा निर्णय आई-वडिलांच्या हाती दिला आणि फोटो नव्याने प्रसिद्ध करणं थांबवलं. फोटोत कोण आहे आणि त्याच्या माणसांना काय वाटतं, हा प्रश्न सर्वोत्कृष्ट रचनेपेक्षाही मोठा ठरला.

आपल्याकडच्या स्पर्धांना यातून काही उचलता येईल, आणि त्यासाठी मोठा खर्चही लागत नाही. वृत्तछायाचित्र, प्रवास, लोकजीवन या विभागांत परीक्षण दोन फेऱ्यांत करावं. पहिल्या फेरीत फोटो नुसता दाखवावा आणि गुण द्यावेत. मग फोटोओळ वाचून दाखवावी, फोटो तेवढाच वेळ पुन्हा पडद्यावर ठेवावा आणि पुन्हा गुण द्यावेत. दोन्ही आकडे स्पर्धकाला कळवावेत. ज्या फोटोचे गुण ओळ ऐकल्यावर वाढले, त्याचा छायाचित्रकार माणसांशी बोलून आला आहे हे परीक्षकाला समजेल. ज्याचे घटले, त्याला काय राहिलं हे समजेल. ओळ मराठीत असावी, परदेशी परीक्षक असेल तर तिचा अनुवाद जोडावा. पन्नास शब्द पुरेत. त्यात माणसाचं नाव, त्याच्या संमतीने, गाव, तारीख, काय चाललं होतं, आणि फोटो काढणाऱ्याने कुणाला काही करायला सांगितलं होतं का, एवढं असावं.